आधी भिजवा

बागेतले झोपाळे उतरवले, घसरगुंडी कापून नेली, तेव्हा घरची थोरली सून घाबरली नव्हती. आज मात्र फवाऱ्याचा आवाज मध्येच बंद पडला आणि तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. गेले कित्येक दिवस तो सूं सूं आवाज पाहुण्यासारखा घरात मुक्कामाला होता. आधी कान किटले, मग सवय झाली, आणि आता तो थांबला की छातीत धस्स व्हायचं. फवारा चालू म्हणजे माती ओली, आणि माती ओली म्हणजे तिच्यातलं ते अ‍ॅस्बेस्टॉस हवेत उडत नाही, हे गणित आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

ती खिडकीशी गेली. फटींना आतून चिकटपट्टी लावलेली होती, त्यामुळे काच उघडायची सोय नव्हती. कुंपणापलीकडे, जिथं परवा-परवापर्यंत हिरवळ होती तिथं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं खोदलेल्या मातीभोवती उभी होती. कुणीतरी नळीला पडलेला पीळ सोडवला. पाणी पुन्हा उडालं आणि थोरलीचा श्वास सुटला.

"वहिनी, नळी अडकली तर तुमचा जीव अडकतो," धाकटे दीर म्हणाले. त्यांचं गॅरेज होतं. हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहायचं, आणि जिभेवर कायम थट्टा. आज मात्र त्यांच्या कपातला चहा तसाच निवला होता.

उद्या या घराच्या अंगणाची पाळी होती. सकाळी सगळ्यांनी निघायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या, आणि ती माणसं येऊन अंगण पार खालपर्यंत उकरून नेणार. त्यावर खुणेची केशरी जाळी अंथरून नवी माती टाकणार. सामान आवरायला म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. खरं तर आवरण्यासारखं फारसं काही नव्हतं. आवरायचे होते ते आप्पा, तिचे सासरे. ते सकाळपासून अंगणात बागेकडे तोंड करून खुर्ची टाकून बसले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते.

त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. ती बाग त्यांनी उभी केलेली. आधी तिथं दलदल होती, डासांचं माहेरघर. आप्पा तेव्हा छपराच्या अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यांच्या कारखान्यात फोरमन होते. फुटके पत्रे आणि त्यांचा चुरा कारखान्याला जड झालेला, तो त्यांनी सायबांच्या मागे लागून गाडीच्या गाड्या इकडे आणवला. दलदल भरली, वर माती पडली, गवत आलं, पोरं खेळायला लागली. लोक तिला 'आप्पांची बाग' म्हणायचे. उरलेल्या चुऱ्यानं त्यांनी स्वतःचं अंगणही चोपून घेतलं. मातीत जागोजाग पांढुरक्या रेघा दिसायच्या. "चुना आहे तो, गुलाबाला चांगला," असं आप्पा सांगायचे, आणि गुलाब यायचेही हाताएवढे. आता त्याच गल्लीतली माणसं समोरून येताना रस्ता बदलत होती.

त्या गुलाबांवरून सासूबाईंनी घरात एक पद्धत घातली होती. या घरची लेक सासरी निघाली की तिच्यासोबत एक कुंडी जायची. गुलाब इथला, माती इथली. "जिथं जाईल तिथं मुळं धरू दे," असं म्हणत सासूबाई स्वतः माती चाळायच्या. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या आणि चाळणी थोरलीच्या हातात आली. तिनंही ती आवडीनं चालवली. खडा राहू नये म्हणून माती उन्हात वाळवायची आणि पिठासारखी होईपर्यंत चाळायची. शेवटची कुंडी तिनं स्वतःच्या लेकीसाठी, चिमणीसाठी भरली होती.

हे सगळं तिला रोज आठवत होतं. आठवलं की हात आपोआप पदराला पुसले जायचे.

*

माती काढणाऱ्यांच्या सुपरवायझर बाई फाटकातून आल्या तेव्हा आप्पांनी मान वळवली नाही. बाईंनी मुखवटा गळ्यात उतरवला होता, त्याचे वळ गालांवर उमटलेले. वयानं चिमणीहून थोड्याच मोठ्या असतील.

"आजोबा, उद्या सुरू करायच्या आधी एक शेवटचं विचारायचं होतं."

"विचारा."

"या अंगणातली माती कधी बाहेर गेलीय? कुणाला दिली, कुणी नेली? कुठल्या कुंडीत, कुठल्या वाफ्यात?"

आप्पांनी काठीची मूठ फिरवली. "नाही."

"जरा आठवून बघा."

"म्हातारा झालोय, बावळट नाही झालो. नाही म्हटलं ना!"

"आणि घरात कुणाला जुना खोकला? दम लागायचा, असं कुणी?"

"नाही."

थोरली चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. आप्पा इतक्या सरळ खोटं बोलू शकतात हे तिला ठाऊक नव्हतं. सासूबाई शेवटची दोन वर्षं उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायच्या, आडवं झालं की घुसमटायच्या. तिनं मास्तरांकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. शाळेत आणि घरात त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. मास्तर चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. धाकटे भाऊजी नखं बघत होते.

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती थोरलीवर थांबली. थोरलीनं ट्रे पुढे केला. तोंडातून शब्द फुटला तो एवढाच, "साखर चालते ना?"

फाटकाशी जाताना बाई तिला हळूच म्हणाल्या, "काकू, सांगितलं म्हणून कुणाला कुणी पकडून नेत नाही. आम्ही जाऊन तपासतो, काढून आणतो, संपलं. भीती फक्त एवढीच असते की लोक घाबरतात आणि आपापलं उकरायला जातात. कोरडं उकरलं की ते उडतं. डोळ्यांना दिसतही नाही, आणि छातीत गेलं की कायमचं तिथंच. त्रास व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. लहान पोरांना तर पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं."

थोरलीनं मान हलवली. बटण आता दहा महिन्यांचं होतं. बटण म्हणजे चिमणीची लेक. नाक एवढंसं, म्हणून ते नाव पडलेलं. वीस-तीस वर्षं म्हणजे चिमणीचं आत्ताचं वय, एवढा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला.

*

"झाकली मूठ सव्वा लाखाची," घरात आल्या आल्या भाऊजी म्हणाले. "आप्पांनी नाही म्हटलं, आपण सगळ्यांनी ऐकलं. आता यात फाटे फोडायचे नाहीत."

"मुठीत काय आहे ते माहीत असून?" थोरलीनं विचारलं.

"वहिनी, ताईचा विचार करा. तिच्याकडे पाळणाघर आहे. पोरांच्या आयांना नुसता वास लागला, तरी उद्यापासून एक पोर येणार नाही. नवरा गेल्यावर तिनं ते कसं उभं केलंय, तुम्ही बघितलंय."

"बघितलंय. आणि तिच्या अंगणात गुलाबाचा वाफा आहे तोही बघितलाय. पोरं त्याच्या कडेनं रांगतात. आपलं बटण रांगतं."

मास्तर म्हणाले, "बघू. घाईनं काही नको."

"तुम्ही आयुष्यभर बघतच आलात," थोरली म्हणाली. नवऱ्याला चारचौघांत असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. मास्तरांनी चष्मा पुन्हा काढला.

भाऊजींनी आवाज खाली आणला. "अहो, म्हणूनच मी तोड काढलीय. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. उद्या ही माणसं इथली सगळी माती नेणारच आहेत ना? मग सगळ्यांनी आपापल्या कुंड्या आजच इथं आणून रिकाम्या करायच्या. जिथलं तिथं. ती नेतील, जाळतील नाहीतर पुरतील. कुणाला पत्ता लागायचा नाही. मी ताईला सकाळीच फोन केलाय. तिनं वाफा उकरायला घेतलाही असेल."

थोरलीला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं.

"कोरडाच?"

"म्हणजे?"

"भाऊजी, पाऊस पडून किती दिवस झाले? तिनं वाफा कोरडाच उकरला का?"

"वाफा काय, तासाभराचं काम. पोती गाडीत टाकून निघते म्हणाली."

"आणि बटण?"

चिमणी कामावर गेली की बटण वन्संकडे, म्हणजे ताईकडेच असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आज पाळणाघर बंद ठेवलं असेल, इतर पोरं आपापल्या घरी असतील, पण घरचं पोर कुठं जाणार? ते वन्संबरोबर. म्हणजे त्याच गाडीत.

थोरलीनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वन्सं गाडी चालवताना फोन उचलत नसत, हा त्यांचा गुण सगळ्या नात्यात वाखाणलेला. थोरलीला त्या गुणाचा आज इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मास्तर उठून उभे राहिले, "मी पुढं जाऊन बघतो" म्हणाले, आणि कुठं जाऊन बघणार ते न कळून तसेच उभे राहिले. ती पायात चपला न घालताच अंगणात धावली.

*

गाडी आली ती खिडक्या मिटूनच आली. वन्सं उतरल्या. केसांवर, भुवयांवर बारीक करडी भुकटी बसलेली. एरवी कधी इस्त्रीची घडी न मोडणारी बाई, पण आज ओढणी कमरेला बांधलेली आणि तोंडावर चोरासारखे भाव.

"पोती मागं डिकीत आहेत," त्या मागून आलेल्या धाकट्या भावाला म्हणाल्या. "लवकर उतरवून घे. ती माणसं बघत नाहीत ना? एक कुंडी काही मावेना, ती मागच्या सीटवर ठेवली."

"वन्सं, बटण?"

"अहो, तिथंच मागं आहे. शहाण्यासारखं बसलंय. रडू नये म्हणून कुंडीतला गुलाब दिला होता तोडून."

वन्संनी मागचं दार उघडलं, पट्टा सोडवला आणि पोराला काढून ओसरीच्या पायरीवर उभं केलं. बटण पायरीला धरून डुलत उभं राहिलं. एका हातात पाकळ्या गळालेला देठ, दुसरा हात घट्ट मिटलेला. हनुवटीवर करडा ओघळ. थोरलीनं शिवलेलं पिवळं झबलं पोटावर धुळीनं पांढुरकं झालं होतं. आजी दिसल्यावर ते हसलं आणि मिटलेली मूठ तिच्यापुढे धरून उघडली. मुठीत माती होती. ती बोटांच्या फटींतून भुरभुर सांडली.

"अगंबाई, कुंडीत हात घातलास होय गं!" म्हणत वन्सं वाकल्या आणि जगातली कुठलीही बाई करील तेच करायला त्यांनी हात उचलला. पोराचं झबलं झटकायला.

"झटकू नकोस!"

आप्पा उभे होते. काठी खाली पडली होती आणि ते काठीशिवाय उभे होते. "झटकू नकोस म्हणतो ना! आधी भिजव! आधी भिजव ते!"

वन्संचा हात तसाच वर राहिला.

थोरलीनं फरशी पुसायची बादली ओढली, नळ सोडला, धुतलेलं फडकं पाण्यात बुडवलं आणि पोरापुढे बसली. सगळं हातांनी केलं. डोकं दुसरीकडेच होतं. आप्पांचा हा आवाज तिनं आधी ऐकला होता. हेच शब्द, हाच सूर. लग्न होऊन आली तेव्हा आप्पा कारखान्यातून आले की अंगणातच शर्ट-पँट उतरवायचे आणि ओरडायचे, "आधी भिजवा! कोरडे झटकायचे नाहीत!" कपडे बादलीत बुडल्याशिवाय कुणी त्यांना हात लावायचा नाही, असा दंडक. घरात त्यावरून हसू चालायचं. आप्पा कपड्यांनाही आंघोळ घालतात, असं भाऊजी म्हणायचे. आणि सासूबाई धापा टाकत, हसत सांगायच्या, "आधी हे असं काही नव्हतं गं. वर्षानुवर्षं मी दाराशी उभी राहून ह्यांचे कपडे झटकायची, नुसता धुरळा. मला खोकला लागला आणि ह्यांना स्वच्छतेचं वेड लागलं."

इतके दिवस तो फवारा डोळ्यांसमोर होता आणि तिला बादली आठवली नव्हती. कदाचित आठवू दिली नव्हती.

तिनं बटणाचं एकेक बोट ओल्या फडक्यात धरून पुसलं. हनुवटी पुसली, नाकपुड्यांच्या कडा पुसल्या. पोराला तो खेळ वाटला. मग तिनं झबल्यावर ओंजळीनं पाणी घातलं, पार चिंब केलं आणि मगच अंगातून काढलं.

"आप्पा," ती वर न बघता म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

आप्पांनी खुर्ची चाचपली आणि बसले.

"भिजवायचं तेवढं माहीत होतं," ते म्हणाले. "कारखान्यात मोठे साहेब यायचे, तेव्हा आधी पाणी मारून घ्यायचे. साहेब जाईपर्यंत सगळं ओलं. ते बघितलं होतं. तुझ्या सासूचा खोकला जाईना, तेव्हा डोक्यात आलं."

"का मारतात पाणी, असं विचारलं नाहीत कधी?"

"नाही."

"का नाही?"

"उत्तर मिळालं असतं," आप्पा म्हणाले. "मग ही बाग, हे अंगण, तुम्ही सगळी... कुठं नेऊन घातलं असतं मी? मातीत गेलं की मेलं, असं धरून चाललो. रोज तेच धरून चाललो."

भाऊजी डिकीच्या दारावर हात ठेवून उभे होते. त्यांनी ते दार न उघडता दाबून बंद केलं. वन्सं पायरीवर बसल्या होत्या. आपल्या केसांना हात लावावा की नाही तेही त्यांना कळत नव्हतं. सकाळभर त्यांनी ते उकरलं होतं, तोंडाला साधा रुमालही न बांधता, आणि पोर शेजारी चटईवर खेळत होतं.

थोरली उठली आणि कुंपणाकडे निघाली.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "माझं पाळणाघर बंद होईल हो."

"होऊ दे."

"तुम्हाला बोलायला काय जातं! माझं दुसरं काय आहे?"

थोरली थांबली. वन्संशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं, पण आज त्यांचं ते करडं डोकं बघून तिला भडभडून आलं. "वन्सं, तिथं लोकांची पोरं रांगतात," ती म्हणाली. "आणि तुम्हीही आहात. चला, उठा. केसांवर पाणी घ्या आधी. जोरात नको, सावकाश."

मग तिनं कुंपणाची तार धरून हाक मारली. तिचा आवाज गल्लीत आजवर कुणी ऐकला नव्हता. आज फवाऱ्याच्या वर गेला.

*

सुपरवायझर बाई आल्या, बरोबर दोन पांढरे पोशाख. त्यांनी गाडीभोवती दोरी बांधली, काचांवर पाण्याचा हलका फवारा धरला. बाईंनी थोरलीसमोर जाड पिशवी उघडली. थोरलीनं फडकं आत टाकलं, मग पिवळं झबलं. मागच्याच महिन्यात शिवलं होतं, कॉलरला बदकं काढून. बाई वन्संच्या शेजारी बसून हलक्या आवाजात बोलत होत्या. डॉक्टर, तपासणी, एका दिवसाच्या धुळीनं सहसा काही होत नाही. सहसा, हा शब्द थोरलीनं बरोबर ऐकला.

"कुठं कुठं गेलीय माती?" बाईंनी शेवटी विचारलं. या वेळी त्या सगळ्यांना विचारत होत्या.

कुणी बोलायच्या आधी आप्पा बोलले. बागेकडे बघतच बोलले. "पहिली कुंडी माझ्या धाकट्या बहिणीला दिली. ती गेली, तिच्या सुनेच्या गच्चीत आहे अजून. मग दोघी पुतण्यांना, त्यांच्या लग्नात. मग ह्या माझ्या लेकीला, तिच्याकडे वाफाच केला, मीच पोती पाठवली होती. शेवटची ह्या सुनेच्या पोरीला. पाळण्याशेजारच्या खिडकीत आहे ती." एकही घर ते विसरले नव्हते. "आणि बाई, मघाशी तुम्ही खोकल्याचं विचारलंत."

"हो."

"होता. माझ्या बायकोला होता."

मास्तरांनी खाली पडलेली काठी उचलली. ती वडिलांच्या हातात द्यायची सोडून तशीच धरून उभे राहिले. त्यांच्या आईबद्दल वडील इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही बोलत होते.

थोरलीनं बटणाला ओल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. चिमणीला फोन करायचा होता. खिडकीतल्या कुंडीला हात लावू नकोस, म्हणून सांगायचं होतं, आणि का ते तिनं विचारलं की उत्तरही द्यायचं होतं. ते शब्द ती मनात जुळवत होती, तेवढ्यात बटण शिंकलं.

पंचा ओला होता. गार लागलं असेल, दुसरं काही नसेल. पण आप्पा बोलता बोलता थांबले. भाऊजी वळले, मास्तर वळले, वन्संनी तोंडावर हात दाबला. सगळे दुसऱ्या शिंकेची वाट बघत, श्वास रोखून उभे राहिले. कुंपणापलीकडे फवारा तेवढा चालू होता. बटणानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि एवढी माणसं आपल्याकडेच बघतायत म्हणून ते खुदकन हसलं. त्याच्याबरोबर हसायला कुणालाच जमलं नाही.